काचेवरचं कुंकू

परवा घरात नवा फोन आला. तो सुरू करून द्यायला शेजारची सून आली होती. तिचा अंगठा काचेवर भराभर चालला होता. पुढे, पुढे, मान्य, पुढे. मध्येच ती म्हणाली, "काकू, अगदी सोप्पं आहे." माझं डोकंच फिरलं. मी आयुष्यभर पहिलीच्या वर्गाला शिकवलं. 'सोप्पं आहे' म्हणणाऱ्याला समोरच्याची भीती दिसत नसते, हे मला चांगलं ठाऊक आहे. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "थांब बाई. आधी एवढंच सांग, यावर कुंकू कुठं लावायचं?" तिला वाटलं, म्हातारीला फोनची पूजा करायची आहे. ती उठून कुंकवाची डबी शोधायला लागली.

तिची काही चूक नाही. ते कुंकू तिनं पाहिलेलं नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. मी मलकापूरला मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. शनिवारी शाळा सुटली की एस.टी. धरायची, वडनेरच्या फाट्यावर उतरायचं आणि कपाशीच्या वावरांमधून चालत आमच्या गावी जायचं. सोमवारी पहाटे परत. घरी माय आणि बाबा दोघंच. माझी मोठी बहीण, ताई, नागपूरला होती. ती तिथं होती हे गावाला माहीत होतं, आम्हाला माहीत होतं, पण घरात ते कोणी बोलत नव्हतं.

ताईनं आपल्या मनानं लग्न केलं होतं, दुसऱ्या जातीतल्या एका शिक्षकाशी. बातमी आली त्या दिवशी बाबा ओसरीत बसून दोर वळत होते. ते चिडले नाहीत, ओरडले नाहीत. दोराला पीळ देत एवढंच म्हणाले, "तिचं नाव या घरात नाही निंगलं पाह्यजे." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणारा माणूस थकतो. बाबा थकले नाहीत, आणि वर्षं निघून गेली.

मायनं ते पाळलं. नाव म्हणून काही तिच्या तोंडून निघालं नाही. पण गावात चक्की आली होती तरी ती पहाटे जात्यावरच दळायची. पूर्वी जात्याला दोघी बसत. माय ओवीची पहिली ओळ म्हणायची, ताई दुसरी. आता माय एकटीच पहिली ओळ म्हणे आणि गप्प होई. मग तेवढा वेळ नुसती जात्याची घरघर. पुन्हा पुढच्या ओवीची पहिली ओळ, पुन्हा घरघर. मी रविवारी अंथरुणात अर्धवट झोपेत पडलेली असे. त्या मोकळ्या जागेत ताईची ओळ मनातल्या मनात म्हणत असे. कधी कधी मला वाटे, ताई खरंच म्हणते आहे, फक्त तिचा आवाज अजून वाटेत आहे. मग उजाडायचं आणि कोंबडी अंगणात यायची.

त्या वर्षी कापूस बरा झाला आणि बाबांनी मलकापूरहून रेडिओ आणला. गावात वीज नव्हती, तेव्हा सेलवर चालणारा. भलंमोठं लाकडी खोकं, समोर कापड, कापडावर काच, काचेवर इंग्रजीत गावांची नावं, नावांपुढे सरकणारा लाल काटा. दुकानदारानं एका दमात सगळं समजावून सांगितलं होतं. बाबा 'हाव, हाव' म्हणून ऐकून घेत राहिले आणि घरी येईपर्यंत त्यातलं काही उरलं नाही. मी शनिवारी पोचले तेव्हा रेडिओ देवघराशेजारच्या फळीवर मायच्या जुन्या लुगड्याखाली झाकून ठेवला होता. आजूबाजूचे लोक येऊन झाकलेला रेडिओ पाहून जात होते.

"बिघडला का?" मी विचारलं.

"बिघडाले सुरू तं व्हाव लागते," बाबा म्हणाले.

खोक्यासोबत एक इंग्रजी पुस्तक होतं. मी ते कंदिलाशी धरून वाचलं. निम्मं कळलं, निम्म्यावर चिडले. ज्यानं ते लिहिलं त्यानं उभ्या जन्मात कोणाला काही शिकवलेलं नसणार. जे कधीच करायचं नाही ते पहिल्या पानावर, आणि सेल कुठं जोडायचे ते शेवटी. पहिलीच्या पोराच्या हातात कोणी सबंध बाराखडी एकदम देत नाही. आधी एकच अक्षर द्यायचं, ते त्याला आपलं वाटू द्यायचं. बाकीची अक्षरं कुठं पळून जात नाहीत.

रविवारी सकाळी मी कंबर कसली. धाब्याच्या मातीच्या छतावर बांबू उभा केला आणि तिथून अंगणातल्या कडुनिंबापर्यंत हवेतली तार बांधली. दुसरी तार जमिनीत पुरायची होती, आणि ती जमीन ओली पाहिजे असं पुस्तक म्हणत होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात ओली जमीन कुठली! मी ती न्हाणीच्या मोरीशी पुरली, तिथं रोज कोणी ना कोणी अंघोळ करतंच. सेल जोडले. रेडिओला तीन बटणं होती. त्यातल्या एकाचं आम्हाला काहीच काम नव्हतं, म्हणून त्याला मी लुगड्याची चिंधी गुंडाळून टाकली. राहिली दोन. डावं फिरवलं, टिक वाजलं, आणि खरखरीतून एक माणूस मराठीत बोलायला लागला. बाबांनी डोक्यावरची टोपी सरळ केली. आलेल्या माणसासमोर करावी तशी.

बाबा दोनच दिवसांत तरबेज झाले, पण त्यांची रीत वेगळी होती. ते काचेकडे बघतच नसत. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. डोळे मिटून, कान खोक्याशी नेऊन, उजवं बटण हळूहळू फिरवत ते आवाजावरून नागपूर शोधायचे. संध्याकाळी नागपूरहून बाजारभाव ऐकले की काटा परत पार डाव्या टोकाला नेऊन ठेवायचे आणि मगच बंद करायचे. औत सोडलं की जू जागेवर ठेवतात, तसं. "काम झालं का वस्तू आपल्या जागी गेली पाह्यजे," म्हणायचे. तो काटा टोकालाच बरा, मध्ये कुठं सोडला तर तो थकेल, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात असावं.

पुढं एका सकाळी ताईच्या ओळखीच्या बाईकडून मला शाळेत निरोप आला. ताई दोन दिवसांसाठी मुंबईकडे चालली होती आणि तिची गाडी दुपारी मलकापूरला थांबणार होती. मी मुलींना पाढे म्हणायला लावून स्टेशनावर धावले. फलाटावर कापसाच्या गाठींची रास होती, तिच्यावरून उन्हात पांढरी पिंज उडत होती. खिडकीत ताई दिसली. किती वर्षांनी दिसली! बारीक झाली होती, पण हसली तेव्हा तीच. तिनं माझा हात गजांतून आत ओढला.

"ऐक. पुढच्या बुधवारी मी रेडिओवर गानार हाये. नागपूरवरून. दुपारच्या बायकांच्या कार्यक्रमात, जात्यावरची गानी."

"तू?"

"मंग काय मी रडत बसली असंन असं वाटलं का तुले?" ती म्हणाली आणि तिचेच डोळे भरले. "मायले ऐकवजो व. मी बरी हाये हे कोनं सांगून तिले पटनार नाही. आवाज ऐकला का तिले सगळं समजते."

गाडी सुटली. पिंज केसांना चिकटलेली तशीच मी शाळेत परत आले. मुली अजून पाढेच म्हणत होत्या.

आता पंचाईत अशी, की बुधवारी मी मलकापूरला. आडवारी घरी गेले असते तर बाबांना लगेच वास लागला असता. आणि मायनं रेडिओला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. तिला तो लावता आला नाही, तर ताई नागपुरात गाऊन जाणार आणि आमच्या घरात रेडिओ लुगड्याखाली झाकलेला राहणार. तो विचार मला सहन होईना. एस.टी.त बसल्या बसल्या मी मनात बटणं फिरवत होते.

रविवारी बाबा वावरात गेल्यावर मी मायला सांगितलं. ती निवडत होती ती तूर सुपात तशीच राहिली. मग म्हणाली, "थायले कळलं म्हंजे?"

"ते वावरात असतील तेव्हाच तर आहे."

"अन् मोडलं म्हंजे?"

"मोडत नाही, माय."

ती उठून रेडिओसमोर जाऊन उभी राहिली. "मले माहीत हाये, आत मानूस नसते. मी काई येडी नाही. पन आवाज तं तिचाच असंन ना व?"

"तिचाच."

"मंग दाखव."

मी तिला पुस्तकातलं एक अक्षर सांगितलं नाही. तिचा हात धरून डावं बटण टिक वाजेपर्यंत फिरवलं. उजव्या बटणानं काटा सरकतो, तो नागपूरखाली आणायचा. पण नागपूर कुठलं ते मायला वाचता येत नव्हतं. तिथं काही खूण पाहिजे होती, आणि ती बाबांच्या नजरेत यायला नको होती. माझ्या मनात आलं, कुंकू! घरात नवी वस्तू आली की तिला कुंकू लागतंच. उंबऱ्याला लागतं, जात्याला लागतं, रेडिओला लागलं तर कोण विचारणार? मी नागपूरच्या नावावर काचेला बारीक टिकली लावली. "काटा कुंकवाखाली आणायचा. बस. बाकी काही करायचं नाही."

मायनं काटा सरकवला. इतका हळू, की मला झोप येईल असं वाटलं. काटा एकेका गावावरून जात होता आणि ती विचारत होती, हे कोणतं, हे कोणतं. मी सांगत होते. दिल्ली. लखनौ. कलकत्ता. बाहेर ऊन होतं, निंबाची सावली अंगणात हलत होती, आणि माय आयुष्यात पहिल्यांदाच त्या सगळ्या मुलखातून चालली होती. काटा कुंकवाखाली आला तसा खरखरीतून बायकांचा आवाज वर आला.

"एवढं जवळ हाये नागपूर?" ती म्हणाली.

"काचेवर जवळच आहे, माय."

तिनं परत केलं, पुन्हा केलं. सावली उंबऱ्याला टेकली की रेडिओ लावायचा, एवढं वेळेचं ठरलं. निघताना मी बजावलं, "मधल्या दिवसांत सराव कर बरं, आणि काटा परत टोकाला ने." ती "हाव, हाव" म्हणाली. अगदी बाबांसारखी.

बुधवारी मधल्या सुट्टीत मी मोठ्या बाईंच्या घरी गेले. आमच्या हेडमिस्ट्रेसना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्यांच्याकडे विजेचा रेडिओ होता. पोहे आले, ते मी खाल्ले नाहीत. मग ताईचा आवाज आला. थोडा बसका वाटला, नाकातून येत होता, पण चाल तीच, पहाटेची. ती पहिली ओळ म्हणे आणि दुसरीच्या आधी क्षणभर थांबे. जणू पलीकडे कोणी बसलं आहे आणि खुंटा आता त्याच्या हातात गेला आहे. मी डोळे मिटले. ओसरी दिसली, फळी दिसली, फळीपुढे उभी माय दिसली. मला वाटलं, आता या घटकेला त्या दोघी एकाच जात्याला बसल्या आहेत. मी ढसाढसा रडले. मोठ्या बाई म्हणाल्या, "अगं, पोहे फार तिखट झालेत का?"

शनिवारी फाट्यापासून गावापर्यंत मी जवळजवळ पळतच गेले. माय अंगणात होती. तिला काही विचारायच्या आधीच माझी नजर आत रेडिओकडे गेली. अंगणातून काचेवरचं कुंकू तेवढं दिसलं, आणि ते नागपूरवर नव्हतंच. ते पार कुठंतरी वरच्या कोपऱ्यात, जिथं नाव ना गाव, तिथं होतं.

"माय! कुंकू कोणी हलवलं?"

"हलवलं नाही व. रोज पुसून ताजं लावते. देवाशेजारी हाये थो. शिळं कुंकू ठेवतेत का?"

हे माझ्या कसं लक्षात आलं नाही? देवाला, तुळशीला, उंबऱ्याला ती रोज सकाळी ओल्या फडक्यानं कालचं पुसून नवं लावायची. रेडिओलाही तसंच लावत होती. रोज अदमासानं, आणि अदमास रोज थोडा सरकत होता. सराव तिनं केला होता, अगदी मन लावून केला होता, पण सेल संपतील म्हणून रेडिओ चालू न करताच. काटा कुंकवाखाली आणायचा आणि परत टोकाला न्यायचा. मी सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द.

"मग? ऐकलं नाहीस तू?"

"बस इथं. सांगते," माय म्हणाली.

मंगळवारी संध्याकाळी बाबा भाव ऐकत बसले होते, माय चुलीपुढे. भाव संपले आणि रेडिओतला माणूस उद्याचे कार्यक्रम सांगायला लागला. दुपारच्या बायकांच्या कार्यक्रमात अमुक अमुक गाणार, आणि त्यानं ताईचं नाव घेतलं. आडनाव नवं होतं, पण नाव तेच. इतक्या वर्षांत त्या घरात ते पहिल्यांदा निघालं. मायचा हात विस्तवाजवळ होता तो तिथंच राहिला. आता रेडिओ अंगणात फेकला जाणार असं तिला वाटलं. बाबांनी काटा सावकाश टोकाला नेला, रेडिओ बंद केला आणि जेवायला पाट मांडून घेतला.

बुधवारी सावली उंबऱ्याला टेकली. मायनं टिक वाजवलं, काटा कुंकवाखाली आणला. नुसती खरखर. थोडा मागं नेला, खरखर. पुढं नेला, कोणीतरी हिंदीत खतांची नावं सांगत होतं. मग तिला काहीच कळेना. काटा ती कुठंही फिरवायला लागली. "मले वाटलं, पोरगी गाऊन राह्यली अन् मीच दार लावून बसली," ती मला म्हणाली. ती फळीला डोकं टेकून रडत होती. तेवढ्यात ओसरीत वहाणा वाजल्या.

बाबा. भर दुपारी. खांद्यावर तुटका दोर होता, तो बदलायला आलो म्हणाले. माय म्हणाली, तो दोर तुटलेला नव्हता, कापलेला होता.

त्यांनी तिला बाजूला सरकवलं नाही. तिच्या मागूनच हात पुढं केला, डोळे मिटले, मान खोक्याकडे कलती केली आणि बटण फिरवायला लागले. खरखर, हिंदी, खरखर. मग खरखर फाटली आणि ताई ओसरीत आली. शेवटची दोन गाणी मिळाली. बाबा तिथं थांबले नाहीत. बाहेर ओट्यावर घराकडे पाठ करून बसले. गाणी संपल्यावरही बसूनच राहिले. माय पाणी घेऊन गेली तेव्हा तांब्या हातात घेत म्हणाले, "पडसं झालं वाट्टे तिले."

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. अन् थे पाहाय."

तिनं रेडिओकडे बोट केलं. मी जवळ गेले. नागपूरच्या नावावर, काचेला, तांबडा ठिपका होता. नखानं खरवडून पाहिला, निघेना. त्याला पोळ्याचा वास येत होता. बैलांच्या शिंगांना लावायचा हिंगूळ, घरात डबीत उरलेला. गुरुवारी सकाळी मायनं नेहमीसारखं फडकं घेतलं तर बाबांनीच काडीनं तो लावून ठेवला होता. म्हणाले होते, कुंकू पुसलं जाते, हे जाईन नाही.

"आता कुंकू कुठंबी लावलं तरी चालते," माय म्हणाली. त्याच दिवसापासून ते कोपऱ्यात गेलं होतं.

संध्याकाळी बाबा आले. हातपाय धुतले, रेडिओ लावला, भाव ऐकले. मी वह्या तपासत बसले होते, निदान तसं दाखवत होते. भाव संपले तरी त्यांनी बटण सोडलं नाही.

"पुन्हा कधी हाये?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"काय कधी?"

"बायकायचा कार्यक्रम."

"तो तर रोजच असतो, बाबा."

त्यांनी घसा खाकरला. "गानं म्हनतो मी."

"कोणाचं गाणं?"

मला सोडून देता आलं असतं. पण माझा स्वभाव तसा नाही, आणि मायच्या त्या अर्ध्या ओव्या मी वर्षानुवर्षं ऐकल्या होत्या. मी वहीवरून मान वर करून त्यांच्याकडे सरळ बघत राहिले. आत माय भाकरी थापत होती.

बाबांनी काटा हळूहळू डाव्या टोकाला नेला. वस्तू जागेवर ठेवली. टिक वाजलं, रेडिओ बंद झाला. मग त्यांनी ताईचं नाव घेतलं. सगळं नाही, ती लहान असताना वावरातून घरी येताना फाटकापासूनच जी हाक मारायचे, ती.

आतलं थापणं थांबलं. त्या दिवशी तव्यावरची भाकर करपली, आणि आम्ही तिघांनी ती तशीच खाल्ली.